जुन्या पाणवठ्यांची राखण

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की संस्थेच्या इमारतींविषयी लिहिण्याची रीत आहे. कोनशिला कोणी बसवली, पहिली खोली कशी उभी राहिली, वसतिगृहाच्या छपराला पत्रे कोठून आले, हा इतिहास या अंकात इतरत्र येईलच. आम्ही येथे निराळ्या वास्तूंविषयी लिहीत आहोत. त्यांच्यासमोर उभे राहून कोणी छायाचित्र काढून घेत नाही आणि त्यांच्या उद्घाटनाच्या पाट्याही बहुधा शिल्लक नाहीत. तलावाच्या पाळीत बसवलेला दगडी तुडुम, धरणाच्या दारांवरची छोटी खोली, बंद पडलेले पंपघर, गावविहिरीचा घडीव काठ, गळू लागली म्हणून सोडून दिलेली पाण्याची उंच टाकी, अशा या वास्तू आहेत. राजवाडे, किल्ले आणि देवळे यांच्या जतनाची भाषा आता सर्वत्र ऐकू येते. पाण्याच्या वास्तूंविषयी मात्र ती क्वचितच ऐकू येते. निदान सिंदेवाहीसारख्या गावात तरी तिचा उच्चार व्हावा, असे आमचे मत आहे. एका बौद्ध शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत तो झाला तर त्याला वेगळा अर्थही प्राप्त होतो. तो कोणता, हे पुढे येईल.

आपला मुलूख तलावांचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी भाषेत त्यांचे लघुरूप ‘मामा तलाव’ असे झाले आहे. बोड्या तर त्याहूनही पुष्कळ. धानाच्या बांधीला पावसाने ओढ दिली की याच पाण्यावर रोवणी तरते. यांतील जुन्या तलावांची परंपरा गोंड राजांच्या काळापर्यंत मागे जाते. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन द्यावी, असे धोरण चांद्याच्या राजांनी चालवले. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरात आज तुकूम नावाची मोठी वस्ती आहे. तेथे राहणाऱ्या किती जणांना आपल्या पत्त्यात एका तलावाची सनद दडली आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाची ख्याती होती. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून पाळ कोठे घालावी हे ठरवणारी माणसे त्यांच्यात होती, असे जुने लोक सांगतात. त्यांच्या हातात लेव्हलचे यंत्र नव्हते, आणि तरीही त्यांनी घातलेल्या पाळी आजवर उभ्या आहेत.

या तलावांची रचना समजून घेतली तर जतनाचा प्रश्न नेमका कशाचा आहे हे कळते. तलाव म्हणजे नुसता पाण्याचा साठा नव्हे. पाळ असते, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा असतो, पाणी सोडण्यासाठी तुडुम असतो आणि शेतापर्यंत जाणारा पाट असतो. तुडुमाची भोके वरून खाली टप्प्याटप्प्याने उघडायची, म्हणजे पाणी जसजसे उतरेल तसतसे खालचे भोक कामास येते. साधी युक्ती आहे, परंतु तिच्यात पिढ्यांचा अनुभव आहे. दुरुस्तीच्या नावाखाली हा दगडी तुडुम उखडून त्या जागी लोखंडी दार आणि सिमेंटचा चौकोन बसवला जातो, तेव्हा पाणी सुटण्याचे काम कदाचित चालू राहते, पण ती युक्ती कायमची नाहीशी होते. उखडलेले दगड कोठे जातात, हे तर कोणी विचारतही नाही. कोणाच्या तरी अंगणातील पायरी होतात.

मालगुजारी 1951 साली संपली. तत्कालीन मध्यप्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मध्यस्थांचे हक्क रद्द झाले आणि तलाव सरकारकडे आले. त्यापूर्वी सारे आलबेल होते, असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या काळाविषयी लिहिणाऱ्यांची लेखणी येथे अनेकदा घसरते. पूर्वी सारा गाव मिळून पाळ दुरुस्त करी, असे मोठ्या कौतुकाने लिहिले जाते. सारा गाव म्हणजे कोण? डोक्यावर मातीची टोपली कोणाच्या होती, आणि पाट सुटल्यावर पाणी आधी कोणाच्या बांधीत जाई? मालगुजाराच्या सांगण्यावरून वेठीला जाणाऱ्या माणसांत आमचे आजोबा-पणजोबा होते. ज्या तळ्याची माती त्यांनी वाहिली, त्याच तळ्याच्या चांगल्या घाटावर त्यांना उतरता येत नसे. विहिरीची गोष्ट तर याहून वाईट. आमच्यापैकी कित्येकांच्या आज्या विहिरीपासून दूर घागर ठेवून कोणी तरी वरून पाणी ओतील याची वाट पाहत उभ्या राहिल्या आहेत. ही आठवण ऐकीव असली, तरी ती आमच्या घरातली आहे.

म्हणूनच आमच्याच समाजातून एक रास्त प्रश्न विचारला जातो. ज्या पाणवठ्याने आम्हाला हाकलले, त्याचे दगड आम्ही का जपावेत? पडू द्या ती विहीर, बुजू द्या. घरात नळ आला आहे, पुरे झाले. हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग आम्हाला कळतो आणि तो राग खोटा नाही. तरीही आमचे उत्तर वेगळे आहे, आणि ते देण्यासाठी आम्हाला दोन पाणवठ्यांकडे वळावे लागेल.

पहिला पुण्यातला. कात्रजच्या तलावातून नळाने पाणी शहरात आणण्याची योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास झाली आणि शहरात ठिकठिकाणी हौद बांधले गेले. त्या योजनेचे कौतुक अभियंते आजही करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच पुण्यात 1868 साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो हौद आकाराने लहान, बांधणीने साधा. बांधकामशास्त्राच्या पुस्तकात त्याला दोन ओळीही मिळणार नाहीत. आज फुलेवाड्यात जाणारा माणूस मात्र त्या हौदापाशी थांबतोच. केवळ घडणीकडे पाहिले असते, तर तो हौद जपण्याजोगा ठरला नसता. पाण्याच्या वास्तूचे मोल तिच्या घडणीवर जितके ठरते तितकेच तिच्या काठावर काय घडले यावरही ठरते, हे तेथे उभे राहिल्यावर समजते.

दुसरा महाडचा. चवदार तळ्याचा इतिहास आमच्या शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने त्या तळ्याचे पाणी घेतले, हे सर्वांना माहीत असते. त्याच्या मागची आणि पुढची कागदपत्रांची हकीकत मात्र पुष्कळांना माहीत नसते, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. पाणवठा आणि शाळा एकाच ठरावात आल्या, हे आम्हा शिक्षकांना फार अर्थपूर्ण वाटते. त्या ठरावाला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत आपले तळे खुले केले, पण केवळ कागदावर. सत्याग्रहानंतर, 4 ऑगस्ट 1927 रोजी, तिने तो ठराव मागे घेतला. पुढे स्पृश्यांच्या वतीने दावा दाखल झाला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव असण्याची रूढी फार पुरातन आहे, असे वादींचे म्हणणे होते. ते टिकले नाही. तळे नगरपालिकेचे ठरले, रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

या निकालाचा एक बोध वकिलांना दिसतो, इतरांच्या नजरेतून तो सुटतो. तळे कोणाचे, ते कोणी बांधले, त्याच्या दुरुस्तीचा पैसा कोठून आला, त्याच्याभोवती कोणाची घरे होती, या प्रश्नांवर तो दावा लढला गेला. म्हणजे पाणवठ्याचा इतिहास हाच तेथे पुरावा होता. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या वापराबाबत भेदभावाला मनाई केलेली आहे, आणि तेथेही राज्याच्या पैशातून राखलेले वा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेले पाणवठे असेच शब्द आहेत. पाणवठा सार्वजनिक आहे हे दाखवता आले पाहिजे. ज्या गावाने आपल्या तलावाची नोंद हरवली, त्या गावातील दुर्बळ माणसाने आपला हक्क कशाच्या आधारे सांगायचा? तलावाच्या पोटात अतिक्रमण करून शेती करणारा धनिक कधीच कागद हरवत नाही. हरवतो तो गावाचा कागद.

तेव्हा आमचे उत्तर असे आहे. ज्या काठावर आम्हाला अडवले तो काठ मोडून पडला, तर अडवल्याची खूणही पुसली जाईल. त्यानंतर असे काही आपल्या गावात कधी नव्हतेच, असे म्हणायला लोक मोकळे होतील. म्हणायला सुरुवात झालीच आहे.

बौद्ध परंपरेकडे पाहिले तर पाण्याच्या वास्तूंची काळजी ही आम्हाला नवी गोष्ट नाही. महाराष्ट्रातील लेण्यांत चैत्य आणि विहार पाहून पर्यटक परततात, पण विहाराच्या दाराशेजारी खडकात खोदलेले पाण्याचे टाके असते. प्राचीन शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कान्हेरीच्या डोंगरावर अशी टाकी मोठ्या संख्येने आहेत आणि पावसाचे पाणी त्यांत उतरावे म्हणून खडकात पन्हळी कोरलेल्या आहेत. जुन्नर आणि नाशिक येथील लेखांतही पोढीच्या दानाचा उल्लेख येतो. दान देणाऱ्यांत साधी गृहस्थ माणसे आहेत. कोणी स्तंभ दिला, कोणी लेणे दिले, कोणी पोढी दिली, आणि देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसाचे नाव आज वाचता येते ते पाण्याच्या टाक्यामुळे. आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण कोठे पाहिले? शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या भांडणात. युद्धाला विरोध केल्याने संघाशी उद्भवलेल्या संघर्षातून सिद्धार्थ बाहेर पडतो, अशी मांडणी त्यांनी केली. पाणी कसे वाटावे हा प्रश्न आमच्या धम्मकथेच्या प्रारंभीच उभा आहे.

आता पुन्हा सिंदेवाहीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर 1901 ते 1903 या काळात इंग्रज सरकारचा सिंचन आयोग बसला आणि त्यानंतर मध्यप्रांतात मोठ्या तलावांची कामे हाती घेण्यात आली. आपल्या परिसरातील असोलामेंढा, घोडाझरी आणि नलेश्वर ही नावे त्याच काळातली. असोलामेंढा 1918 साली पूर्ण झाला, म्हणजे त्याला शतक उलटून गेले. आता गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात आणण्याची आणि त्याचे नूतनीकरण करण्याची मोठी योजना आहे. योजनेला आमचा विरोध नाही. धानाच्या शेतकऱ्याला पाणी मिळत असेल तर त्याच्या आड जुन्या दगडांची माया येऊ नये. आमची मागणी एवढीच आहे की जे बदलायचे ते बदलण्यापूर्वी त्याचे मोजमाप, रेखाचित्र आणि छायाचित्र व्हावे. जुनी दारे, त्यांची चाके, पातळी दाखवणाऱ्या खुणा भंगारात न टाकता धरणाच्या विश्रामगृहात एक खोली देऊन तेथे ठेवाव्यात. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. घोडाझरीला सहलीसाठी येणाऱ्यांना नौकेपलीकडे आणखी काही पाहायला मिळेल.

गावठाणातील वास्तूंची स्थिती अधिक नाजूक आहे. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरी आणि हातपंप झपाट्याने पसरले. त्यांनी आमच्या वस्त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या दारात पाणी दिले. हे ऋण नाकारता येत नाही, कारण हातपंपाचा दांडा हाती घेताना कोणाची परवानगी लागत नव्हती. पण त्याच खोल पाण्यातून चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या वाट्याला फ्लोराइडही आले, मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले, आणि सोडून दिलेल्या उथळ विहिरींची आठवण पुन्हा निघू लागली. 2019 पासून जल जीवन मिशनखाली घरोघरी नळाची कामे होत आहेत आणि गावोगावी नवे जलकुंभ उभे राहत आहेत. नवा जलकुंभ उभा राहिला की जुना पाडायचा असतो. गळणारी, सळया उघड्या पडलेली टाकी शाळेजवळ वा वस्तीत असेल तर ती पाडलीच पाहिजे. जतनाच्या नावाखाली मुलांच्या डोक्यावर धोका टांगून ठेवणे हा शहाणपणा नव्हे. पण प्रत्येक जुनी इमारत धोकादायक नसते. जाड भिंतींचे पंपघर कौले बदलली की आणखी पन्नास वर्षे उभे राहू शकते. त्यात वाचनालय चालू शकते, महिला बचत गटाचे काम चालू शकते. धोकादायक ठरवणे हे मात्र सोपे असते, कारण त्या जागेवर व्यापारी गाळे बांधता येतात.

रंगरंगोटी म्हणजे जतन, असा एक समज सर्वत्र पसरला आहे. विहिरीच्या घडीव दगडाला ऑइल पेंट फासायचा, काठावर फरशी लावायची, लोखंडी जाळी बसवून मधोमध सौजन्याची पाटी ठोकायची. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा कोंडतो आणि दगड फुटू लागतो, हे जुना गवंडी सांगतो, पण अंदाजपत्रक बनवताना त्याला कोणी विचारत नाही. गाळ काढण्याच्या मोहिमांचेही असेच आहे. गाळ निघाला पाहिजे, शेतात गेला पाहिजे, हे खरे. परंतु जेसीबीने तलावाचा तळ वेडावाकडा खोदून पाळीच्या पायथ्याशी खड्डे पाडले, तर शे-दोनशे वर्षे टिकलेली पाळ एका पावसाळ्यात फुटू शकते.

उदाहरणे नाहीत असे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील धामापूरचा तलाव 1530 सालचा. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने 2020 साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. देशातील जलाशयांची पहिली गणना 2023 साली प्रसिद्ध झाली आणि तीत चोवीस लाखांहून अधिक जलाशय नोंदले गेले. मोजणी झाली हे चांगले झाले, पण त्या गणनेच्या रकान्यांत पाळ कोणी घातली आणि घाट कोणाला बंद होता, याला जागा असणे शक्य नव्हते. ती जागा गावानेच करायची आहे.

आमच्या मते हे काम शाळेने सुरू करावे. निवासी शाळेत पंचक्रोशीतील अनेक गावांची मुले एकत्र राहतात आणि सुटीत आपापल्या गावी जातात. याहून चांगली सर्वेक्षणाची व्यवस्था कोणत्याही खात्याकडे नाही. दिवाळीच्या सुटीत प्रत्येक मुलाने एक वही न्यावी. आपल्या गावातील तलाव, बोडी, विहीर, टाकी, पंपघर यांची नावे तीत लिहावीत. पाळीची लांबी पावलांनी मोजावी. तुडुम दगडी आहे की बदलला, पाट कोठवर जातो, मासेमारी ढिवर बांधवांच्या संस्थेकडे आहे की आणखी कोणाकडे, हे विचारावे. मग घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून विचारावे की तुम्ही कोणत्या घाटावर पाणी भरत होता. आजी या प्रश्नावर प्रथम गप्प राहील. घाई करू नये. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल, आणि ती जसे बोलेल तसेच, तिच्याच झाडीपट्टीच्या बोलीत, लिहून घ्यावे. गुरुजींनी त्यावर लाल शाई चालवू नये.

या वह्या जमल्या की त्यांची एक प्रत सिंदेवाही-लोनवाही नगरपंचायतीला आणि एकेक प्रत त्या त्या ग्रामपंचायतीला द्यावी. एक संच शाळेच्या ग्रंथालयात कपाटात राहावा. ज्या विहिरीवर आमच्या माणसांना मज्जाव होता, त्या विहिरीवर तसे सांगणारी छोटी पाटी लागावी की नाही, यावर गावात वाद होईल हे आम्ही जाणतो. तो वाद ग्रामसभेत व्हावा. पाटी कडवट नसावी. विहीर कोणत्या काळातली, कोणी खोदली, कोणासाठी बंद होती आणि कधीपासून सर्वांसाठी खुली झाली, इतके चार ओळींत पुरे. जेथे गावकऱ्यांनी आपणहून विहीर खुली केली असेल तेथे तेही लिहावे, कारण अशीही गावे आहेत आणि त्यांचा मान त्यांना मिळाला पाहिजे.

आमच्या वसतिगृहात पहाटे मोटार सुरू होते, छपरावरची टाकी भरते आणि मुले ओळीने नळाखाली तांबे धरतात. त्या ओळीत कोणाच्या मागे कोण उभे आहे, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पहिल्या वह्या येत्या दिवाळीनंतर जमा करून घ्याव्यात, असे आम्ही संस्थेच्या कार्यकारिणीला या लेखाद्वारे सुचवत आहोत.